गजाला टांगलेली रेंज

"आई, तो हात जरा खाली घ्या. तुम्ही हात वर केला की नेट जातं."

"माझा एकच तर हात चालतो. तोही आता तुझ्या नेटच्या ताब्यात देऊ?"

"पाच मिनिटं नुसती."

"तुझी पाच मिनिटं सहा महिने चाललीत. श्वास घेऊ का, तेही त्या डब्याला एकदा विचारून सांग."

"घ्या की श्वास. पण हळू घ्या."

म्हातारी खुसखुसली आणि तिनं हात खाली घेतला. भिंतीकडच्या खाटेवर पडलेली ही सासू. खाटेच्या पायथ्याशी फरशीवर पाट टाकून, त्यावर लॅपटॉप ठेवून बसलेली ती सून. सासूच्या डोक्यावर खिडकी, खिडकीला सात उभे गज, आणि डावीकडून तिसऱ्या गजाला कांद्याची जाळीदार पिशवी बांधलेली. पिशवीत कांदे नव्हते, फोन होता. त्या फोनचं नेट हवेतून लॅपटॉपात उतरायचं आणि लॅपटॉपातून हॉस्पिटलात जायचं. घरातला भात त्यावर शिजत होता असं म्हटलं तरी चालेल.

सुनेला हॉस्पिटलात सगळे टकटकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. एक्स-रे विभागात बावीस वर्षं ती टायपिस्ट होती. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसून एकेक फोटो काचेवर लावून बघायचे आणि जे दिसेल ते मशीनमध्ये बोलून ठेवायचे. ते कानात घालून टकटकबाई कागदावर उतरवायची. तिची खोली तळघरात होती. खिडकी नाही, झरोका नाही, वर एक पंखा आणि तोही रडका. पण सकाळी घरातून निघायचं, चौकातून चालत जायचं, जेवणाच्या सुट्टीत चार बायकांत बसून पाचवीची उणीदुणी काढायची, यात दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. डॉक्टरांचा आवाज तिला नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. काही वाईट सांगायचं असलं की ते आधी घसा खाकरायचे. ते खाकरणं आलं की तिची बोटं आपोआप सावध व्हायची.

मग सासूचं डावं अंग गेलं. आयुष्यभर बाजारात पाटी मांडून भाजी विकलेली बाई, एका सकाळी चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. अर्धं अंग गेलं, पण जीभ अख्खी राहिली. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस-बावीस दिवस रस्त्यावर. नणंद दुसऱ्या गावी, तिची सगळी माया फोनवरून. राहिली कोण? टकटकबाई. ती नोकरी सोडायला गेली तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "सोडता कशाला? लॅपटॉपचं मशीन घरी न्या. नेटवरून काम करा." आणि दारापर्यंत आल्यावर म्हणाले, "एक लक्षात ठेवा. चुकीचा कागद गेला, तर मशीन परत."

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नव्हता, म्हणून तारेचं नेट तिसऱ्या मजल्यावर येत नव्हतं. फोनच्या दुकानदारानं मग तिला हॉटस्पॉट लावून दिला. कळ कशी दाबायची ते दाखवलं आणि म्हणाला, "ताई, आता वायरची कटकट संपली. गच्चीत बसा, बागेत बसा, झाडावर बसा. तुम्ही मोकळ्या."

"झाडावर बसायला मी काय माकड आहे?" ती म्हणाली खरी, पण बागेचं तिच्या मनात बसलं. सासूला दुपारी डोळा लागला की खालच्या बागेत बाकावर बसून चार कागद टाइप करू, असं ठरवत ती घरी आली.

तीन दिवस ती फोन हातात धरून घरभर फिरली. स्वयंपाकघरात रेंज नाही. मोरीत थोडी, पण मोरीत बसून फुफ्फुसं कशी लिहिणार? दारात नाही, जिन्यात नाही, गच्चीला मालकाचं कुलूप. शेवटी सापडली ती सासूच्या डोक्यावर, तिसऱ्या गजाशी, खिडकीच्या कठड्यापासून दीड वीत वर. एक बोट इकडं सरकलं की गेली. आणि फोन तिथं टांगला, तर लॅपटॉपही याच खोलीत हवा, मधे भिंत आली की नेट लंगडायचं. म्हणजे सासूची खाट जिथं, तिथंच सुनेचं हॉस्पिटल. तळघरात निदान जेवायला तरी उठता यायचं.

त्यातही एक मेख होती. नेट त्या फोनमधून येणार, आणि फोनही तोच एक. बोलण्यापुरती रेंज खाटेवरही मिळायची, पण कुणाचा फोन आला की नेट मरायचं. बोलणं संपलं की पुन्हा जिवंत व्हायला दोन-तीन मिनिटं घ्यायचं. अर्धा टाइप केलेला कागद या मरण्यात पार वाहून जायचा. पहिल्या आठवड्यात असे नऊ कागद गेले आणि ती रडकुंडीला आली.

मग तिनं तोड काढली. छातीच्या फोटोचा एक तयार कागद असतो. शंभरातले ऐंशी फोटो चांगलेच निघतात, म्हणून 'फुफ्फुसं स्वच्छ, हृदय योग्य आकाराचं, काही दोष नाही' असं सगळं आधीच छापलेलं असतं. टायपिस्टनं नाव, वय, नंबर भरायचा आणि डॉक्टर वेगळं बोलले असतील तेवढं बदलायचं. टकटकबाई आता काय करायची, तयार कागद उघडायचा, नाव-नंबर भरायचा आणि लगेच पाठवायची कळ दाबायची. कागद तिकडं जाऊन बसला, पुढं हिरवी खूण आली, की मग सावकाश ऐकायचं, बदलायचं आणि पुन्हा कळ दाबायची. मधे नेट गेलं तरी निदान नाव-नंबर शाबूत. बावीस वर्षं मुरलेल्या बाईलाच सुचावी अशी ही युक्ती. तळघरात असती तर तिला तिची गरजच पडली नसती.

त्या दिवशी एकतीस कागद होते. साडेबाराला हॉस्पिटलातले खिडकीवाले काका सगळे कागद छापून घ्यायचे, डॉक्टर गठ्ठ्यावर सह्या ठोकायचे, आणि एक वाजता काका खिडकी उघडून ज्याचा कागद त्याच्या हातात द्यायचे. सह्या करताना डॉक्टर वाचत नसत. टकटकबाईचा कागद म्हणजे वाचायची गरज नाही, असं ते कौतुकानं सांगायचे.

सव्वीस झाले. सत्तावीस नंबर, पुरुष, वय बावन्न. तिनं नाव भरलं, कळ दाबली, हिरवी खूण आली. मग कानात डॉक्टर आले आणि त्यांनी घसा खाकरला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग, कडा वेड्यावाकड्या, पुढची तपासणी ताबडतोब. तिनं 'स्वच्छ' खोडलं, डाग लिहिला, कडा लिहिल्या, ताबडतोब लिहिलं. कळीवर बोट ठेवलं आणि डोक्यावर पिशवी वाजायला लागली.

नणंद. रोज अकराच्या ठोक्याला.

"वहिनी, आईनं काही खाल्लं का?"

"वन्सं, खाल्लं. मी नंतर करते फोन."

"नंतर म्हणता आणि करत नाही तुम्ही. द्या की आईला."

फोन पिशवीतून काढून सासूच्या कानाला लावला. मायलेकींचं बोलणं चाललंय तोवर सासूनं खुणेनं भांडं मागितलं. फोन एका हातानं धरायचा, दुसऱ्यानं म्हातारीला कुशीवर करायचं, भांडं सरकवायचं, पुसायचं, चादर ओढायची, हात धुवायचे. फोन परत पिशवीत जाईपर्यंत पाव तास गेला. नेट आलं तेव्हा लॅपटॉपावर कागद नव्हता, नुसती नंबरांची यादी. सत्तावीसपुढं हिरवी खूण होती. गेला म्हणायचा, असं म्हणून तिनं अठ्ठावीस उघडला.

बारा पंचवीसला एकतिसावा कागद गेला. त्यानंतर डॉक्टरांचं शेवटचं बोलणं होतं. कधी कधी ते असं दोन वाक्यांचं ठेवायचे. "बाई, आज वाईट एकच. सत्तावीस. काकांना सांगा, तो परस्पर घरी जायला नको, मला भेटून जाऊ दे."

तिनं सहज म्हणून सत्तावीस उघडला. फुफ्फुसं स्वच्छ. हृदय योग्य आकाराचं. काही दोष नाही.

ती हिरवी खूण पहिल्या खेपेचीच होती. तिनं भराभरा डाग पुन्हा लिहिला, कळ दाबली, आणि पंखा थांबला. वीज गेली. या भागात वीज गेली की मागोमाग टॉवरही मान टाकायचा. पिशवीतल्या फोनवर रेंजची एकही कांडी नव्हती. बारा वाजून एकतीस मिनिटं.

"काय झालं?" सासू म्हणाली. "तोंड का उतरलं तुझं?"

"काही नाही."

"मी अंगानं लुळी आहे, डोळ्यांनी नाही. बोल."

तिनं सांगितलं. एका माणसाला आजार आहे आणि मी लिहून दिलंय, काही नाही म्हणून. एक वाजता तो कागद घेऊन घरी जाईल.

"मग सांग की त्यांना."

"रेंज नाही. आणि सांगितलं तर मशीन जाईल." मग आवाज खाली घेऊन ती म्हणाली, "नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. डॉक्टर वाचत नाहीत. फोटोंचा ढीग असतो. दोन महिन्यांनी तो खोकत परत आला, तरी कोण बघतंय कागद कुणी टाइप केला ते."

सून उठली, चप्पल पायात सरकवली. चौकात रेंज असते, जाऊन-येऊन पंधरा मिनिटं. तिनं कडीला हात घातला आणि मागं वळून बघितलं. सासूच्या कपाळावर डाव्या बाजूला व्रण होता. मागं एकदा ती अशीच दहा मिनिटं दुकानात गेली होती, तेवढ्यात म्हातारी पाण्यासाठी उठायला गेली आणि फरशीवर आपटली. नवऱ्यानं तेव्हा लेकरांची शपथ घालावी तसं बजावलं होतं, तिला एकटं सोडायचं नाही. खालच्या घराला कुलूप, शेजारचे कामावर.

"जा, मी नाही हलत," सासू म्हणाली.

"तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात."

तिनं चप्पल काढली. खोलीत तीन वेळा इकडून तिकडं गेली. पावलं मोजायची म्हटली तर सहा तिकडं, सहा इकडं. मग दाराआड उभी केलेली जळमटं काढायची लांब काठी तिला दिसली.

तिनं झाडू सोडवला आणि कांद्याची पिशवी काठीच्या टोकाला बांधली. हॉस्पिटलच्या खिडकीचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि काठी दोन गजांमधून बाहेर सरकवली. हात, दोन हात, तीन हात. रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरून मासे धरायला बसल्यासारखं ध्यान. काठी वळसा घेत डावीकडं झुकली आणि फोनमधून घंटी ऐकू यायला लागली.

"हॅलो, एक्स-रे."

"काका, मी बोलते! सत्तावीस नंबर!"

"कोण? मोठ्यानं बोला."

टकटकबाईचा आवाज मुळात बारीक. बावीस वर्षं ऐकायचंच काम केलेलं, ओरडायची सवय कुठली? तिनं दुसऱ्यांदा ओरडून बघितलं, तर आवाज फाटला आणि गजातच अडकला. तेवढ्यात पाठीमागून, खाटेवरून असा आवाज उठला की खाली रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला.

"सत्ताऽऽवीस नंबरचा कागद देऊ नकाऽऽ! चुकलाऽऽय!"

भर बाजारात चाळीस वर्षं गिऱ्हाईक खेचलेला तो आवाज. काठी हातात हलली.

खाली पंक्चरवाला चाक सोडून वर बघायला लागला. "वहिनी, काय झालं? कोण सत्तावीस?"

"तुम्ही गप बसा हो!" टकटकबाई म्हणाली.

"ते विचारतायत, बोलतंय कोण?" पंक्चरवाला. फोन तोंड खाली करून त्याच्या डोक्यावरच लोंबत होता, वरच्यापेक्षा त्यालाच चांगलं ऐकू येत होतं. "टायपिस्टबाई का, म्हणतायत."

"हो सांगा!"

"हो म्हणतायत!" पंक्चरवाला आभाळाकडं तोंड करून ओरडला. दोन बायका थांबल्या. समोरच्या गॅलरीत कुणीतरी टॉवेल झटकता झटकता थबकलं. "काका म्हणतायत, आज खिडकी लवकर उघडली. सत्तावीस घेऊन गेला. थांबा म्हणतायत, बघून येतात."

काठी जड झाली होती. मनगटं भरून आली, खांदे ठणकायला लागले. काठी खाली टेकवायची सोय नव्हती आणि आत घ्यायची हिंमत नव्हती. घामानं हात निसटत होते. सासू खाटेवरून काठीच्या बुडाला आपला उजवा हात लावून दाबून धरत होती, त्याचा थोडा आधार. पंक्चरवाला हातात नळी धरून फोनखाली उभा होता.

मग फोनमधून डॉक्टरांचा आवाज आला. तो तिला ऐकू आला. तो आवाज तिला कुठूनही ऐकू आला असता.

"सापडला तो. फाटकाशी होता, घरी फोन करून सांगत होता की सगळं चांगलं आहे." "कसं झालं हे, बाई?"

"माझी चूक," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांची चूक, म्हणतायत!" खालून पंक्चरवाल्यानं मदत केली. समोरच्या गॅलरीतला टॉवेल आत गेला नाही.

"सही माझी होती," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "ते मी बघतो. पण घरून हे असं चालायचं नाही. उद्यापासून इथं या. तुमची खुर्ची आहे अजून तिथंच. तारेचं मशीन आहे, फोन नाही, कटकट नाही."

सहा महिने तिनं हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा डॉक्टरांच्या तोंडी घातलं असेल. भांडी घासताना, चादरी बदलताना, उलटं-सुलटं करून. आता ते खरंच आलं, तर तिच्या हातात काठी होती आणि काठीच्या बुडाला सासूचा हात.

"नाही जमणार," ती म्हणाली. हे थेट फोनपर्यंत पोचलं असावं, पंक्चरवाल्यानं ते ओरडून सांगितलं नाही. त्याला बहुतेक कळलं.

"मग तयार कागद बंद," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मशीनवरून काढून टाकायला सांगतो. प्रत्येक कागद कोरा घ्यायचा, पहिल्या शब्दापासून टाइप करायचा, वाचायचा आणि एकदाच पाठवायचा. आजपासून. दुपारचे बारा कागद आहेत."

"बरं."

फोन बंद झाला. तिनं काठी आत ओढली. पिशवीची गाठ तिनं दातानं सोडवली.

"मशीन ठेवलं ना?" सासू म्हणाली.

"ठेवलं. काम दुप्पट केलं."

"मी बोलले नसते तर गेला असता तो माणूस."

"हो. आणि आता पंक्चरवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना माहितीये, मी माणसं कशी मारते ते."

"मारलं कुठं? वाचवलं म्हण." म्हातारी म्हणाली, "गेली असतीस की खुर्चीवर. मला चार दिवस लेकीकडं टाकायचं."

"वन्सं ठेवतील तुम्हाला?"

यावर दोघी हसल्या, पण ते हसणं लवकर संपलं.

वीज आली. पंखा फिरला. रेंज हळूहळू वर आली आणि फोन पुन्हा तिसऱ्या गजाशी, दीड वीत वर गेला. तो तिथं बसतो न बसतो तोच वाजला. नणंदच. दुपारचं औषध दिलं का, म्हणून. सासू म्हणाली, "दे इकडं," आणि फोन कानाला लागल्या लागल्या म्हणाली, "हे बघ, मी मेले की कळवतील. तोवर या फोनवर फोन करायचा नाही." पलीकडून रडल्यासारखा आवाज आला. "रड," म्हातारी म्हणाली, "पण फोन ठेवून रड." तिनं फोन परत दिला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. दिवसातून एकदा यायचा तो बाहेरचा आवाजही त्या दिवसापासून बंद झाला.

सत्तावीस नंबरचं पुढं काय झालं, ते टकटकबाईला कुणी सांगितलं नाही. हॉस्पिटलात असती तर जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सांगितलं असतं, दोन वेळा सांगितलं असतं. इथं विचारायचं कुणाला? खिडकीशी जाऊन खाली बघावं, तर पंक्चरवाला मान वर करून हसायचा. म्हणून ती खिडकीशीही फार गेली नाही.

ती पाटापुढं बसली. लॅपटॉपावर जिथं तयार कागदाची कळ होती तिथं आता मोकळी जागा होती. आवाजाच्या बारा फायली आल्या होत्या. तिनं सासूला दोन घोट पाणी पाजलं, उशी सारखी केली, बोटं एकदा मोडली आणि कानात इअरफोनची दोन्ही बोंडं घातली. पहिला नंबर, बाई, वय चौतीस. कोऱ्या पानावर तिनं नाव टाइप केलं, खाली ओळ सोडली आणि लिहायला लागली, 'छातीचा फोटो, समोरून.'